क्वानचौ : चीनमधलं ‘जैतून’ शहर आणि तिथल्या दगडांवरचे आपले लोक

चीनला फिरायला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या यादीत बीजिंगची भिंत, शांघायच्या उंच इमारती आणि फार तर शिआनची मोठी मस्जिद असते. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, तैवानच्या बरोबर समोर, फुजियान प्रांतात क्वानचौ नावाचं एक शहर आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. आमच्या मते मुस्लिम कुटुंबाने चीनमध्ये एकच शहर पाहायचं ठरवलं, तर ते हे असावं. 2021 मध्ये युनेस्कोने या शहरातली आणि आसपासची 22 ठिकाणं मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात मस्जिद आहे, कब्रस्तान आहे, बौद्ध मंदिर आहे, पूल आहेत, गोद्या आहेत. कॅन्टन फेअरसाठी मुंबईहून ग्वांगचौला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना तर हे शहर जवळच आहे. जलद रेल्वेने काही तासांचा प्रवास.

अरब व्यापारी या शहराला ‘जैतून’ म्हणत. पण इथे जैतुनाचं झाड नव्हतं. शहराच्या तटाभोवती लाल फुलांची झाडं लावलेली होती, त्यांना चिनी भाषेत ‘त्सथुंग’ म्हणतात. त्या शब्दाचं अरबांच्या तोंडी जैतून झालं. हे झाड आपल्या ओळखीचं आहे, कोकणात कुंपणाला लावतात तो पांगारा! इब्न बतूतानेही लिहून ठेवलं आहे की नाव जैतून असलं तरी इथे जैतून मिळत नाही. ‘सॅटिन’ हे कापडाचं नावही याच जैतूनवरून आलं असं मानलं जातं.

1087 मध्ये सुंग राजवटीने इथे सागरी व्यापाराचं सरकारी कार्यालय उघडलं आणि पुढची जवळपास तीनशे वर्षं हे जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक राहिलं. इराणच्या आखातातलं सिराफ, ओमान, येमेन, भारताचा पश्चिम किनारा, मलबार, सुमात्रा आणि मग चीन, असा हा समुद्राचा रस्ता होता. आपलं चौल याच रस्त्यावरचं. हिजरी 304 मध्ये मसऊदी चौलला (अरब त्याला सैमूर म्हणत) आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली. त्यांत सिराफचेही लोक होते. पुढे क्वानचौमध्ये 1131 साली एक मस्जिद उभी राहिली, ती बांधणारा व्यापारीही सिराफचाच. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे पोहोचला तेव्हा त्याला बंदरात शंभराच्या आसपास मोठी जहाजं दिसली आणि लहान तर मोजता येणार नाहीत इतकी. मुसलमानांची वस्ती वेगळी होती, काझी अर्दबीलचे होते. 1350 च्या एका चिनी शिलालेखात शहरात सहा-सात मस्जिदी असल्याचं म्हटलं आहे.

त्यातली आज एकच उरली आहे. सुरुवात तिथूनच करावी.

शहराच्या मध्यभागी टूमन रस्त्यावर ही छिंगचिंग मस्जिद आहे. चीनमधल्या बहुतेक जुन्या मस्जिदी बाहेरून चिनी मंदिरांसारख्या दिसतात. लाकडी खांब, वर वळलेली कौलारू छपरं. इथे तसं काही नाही. उंच दगडी दरवाजा, एकात एक शिरत गेलेल्या टोकदार कमानी, आत घुमटी. हे पाहून बुखारा किंवा शिराज आठवावं. दरवाज्याच्या वर गच्ची आहे, तिचं नावच ‘चंद्र पाहण्याचा मंच’. रमजानचा चांद इथून पाहत असत. आत शिरून मागे वळून पाहा, भिंतीवर अरबीत लेख कोरलेला आहे. ही या मुलखातल्या लोकांची पहिली मस्जिद असून तिचं नाव ‘मस्जिद अल-असहाब’ आहे, ती हिजरी 400 मध्ये बांधली गेली आणि तीनशे वर्षांनी, हिजरी 710 मध्ये, शिराजच्या अहमद बिन मुहम्मद यांनी तिची दुरुस्ती केली, असा त्याचा मजकूर. म्हणजे इसवी सन 1009-10 आणि 1310-11. अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की ‘छिंगचिंग’ हे नाव मुळात सिराफच्या व्यापाऱ्याने बांधलेल्या त्या दुसऱ्या मस्जिदीचं, ती नष्ट झाल्यावर तिच्या शिलालेखासोबत नावही इथे आलं. या मस्जिदीचं खरं नाव असहाब मस्जिद. आम्हाला हे पटतं, कारण भिंतीवर तसंच लिहिलेलं आहे.

दरवाज्याच्या डाव्या हाताला नमाजचं मूळ दालन आहे. त्याला छप्पर नाही. 1607 च्या भूकंपात ते कोसळलं असं सांगतात. खांबांच्या जागी नुसत्या बैठका उरल्या आहेत, जमिनीवर गवत आहे आणि पश्चिमेच्या भिंतीत मेहराब मात्र जागच्या जागी, त्यावर कुरआनच्या आयती. घाई करू नका. मुलांना सोबत नेलं असेल तर त्यांना अक्षरं लावून वाचायला सांगा. मदरशात सहा महिने शिकलेलं मूलही शेकडो वर्षांच्या या भिंतीवरचे चार शब्द वाचू शकतं. आजची नमाज याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत होते.

इथेच आणखी एक शिळा आहे, ती चुकवू नये. 1407 मध्ये मिंग सम्राट योंगलने काढलेला फर्मान तिच्यावर कोरला आहे. मीर हाजी नावाच्या मुसलमानाला दिलेल्या या फर्मानात, कोणीही अधिकारी, सैनिक किंवा सामान्य माणूस यांना त्रास देऊ नये, अशी ताकीद आहे. असा फर्मान काढायची वेळ का आली, याचं उत्तर मस्जिदीत नाही. ते संग्रहालयात मिळतं.

तिकडे जाण्याआधी शहराच्या पूर्वेला लिंगशान टेकडीवर जावं. अर्धवर्तुळाकार दगडी ओसरीच्या आत शेजारी शेजारी दोन कब्री आहेत. परंपरा सांगते की प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे चार साथी चीनला आले. एक ग्वांगचौला, एक यांगचौला आणि दोन क्वानचौला राहिले. हे दोघे इथे दफन आहेत. ही हकिगत ज्या चिनी ग्रंथात येते तो सतराव्या शतकातला आहे आणि ते साथी 618 ते 626 या काळात आले असं त्यात म्हटलं आहे. हिजरत 622 ची. मक्का-मदिनेतली तेव्हाची परिस्थिती आठवली तर ही तारीख जुळवणं कठीण आहे, आणि सहाबींच्या चरित्रांत या प्रवासाला आधार सापडत नाही. म्हणून आम्ही म्हणू की जुन्या काळच्या दोन मुसलमानांच्या कब्री म्हणून सलाम करावा, दुआ मागावी. सहाबींची मजार म्हणून खात्रीने सांगत फिरू नये. जागा जुनी आहे यात शंका नाही. हिजरी 722 मध्ये इथली दुरुस्ती झाल्याचा अरबी लेख तिथेच उभा आहे.

त्याच्या बाजूला एक छोटी शिळा आहे, ती पाहून इतिहासाची आवड असणारा माणूस थबकतो. 1417 मध्ये चंग ह याने होर्मुझला निघण्याआधी इथे हजेरी लावली, अशी ती नोंद. चंग ह म्हणजे चीनचा सर्वांत मोठा दर्यावर्दी. युन्नानच्या मुस्लिम घरात जन्मलेला, वडील हाजी म्हणून ओळखले जात. त्याचा काफिला कालिकतलाही येऊन गेला. टेकडीवर हलणारा एक प्रचंड धोंडा आहे, हाताने ढकलला की जरासा डोलतो. मुलं तिथून हलत नाहीत.

आता सागरी संग्रहालय. 1959 मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात कब्रींचे शेकडो दगड आहेत, अरबी आणि फारसी अक्षरांचे. शिराज, इस्फहान, तबरीझ, बुखारा, ख्वारज्म, येमेन अशी गावं-मुलखांची नावं एकामागोमाग वाचायला मिळतात. काही दगडांवर एकच हदीस पुन्हा पुन्हा येते, परक्या मुलखात मरण पावलेल्याला शहादतीचा दर्जा मिळतो या अर्थाची. हदीसच्या जाणकारांनी तिची सनद कमजोर मानली आहे. पण घरापासून हजारो कोस दूर बापाची कब्र खणणाऱ्या मुलाने तीच का निवडली असेल, हे आखातात माणसं गेलेल्या आपल्या कोकणी घरांना वेगळं सांगायला नको.

हे सगळेच दगड कब्रस्तानातून आलेले नाहीत. बरेचसे शहराच्या तटबंदीतून निघाले. 1920 नंतर जुना तट पाडायला सुरुवात झाली, तेव्हा आतून अरबी अक्षरांचे, क्रुसाचे, हिंदू मूर्तींचे दगड बाहेर पडू लागले. लोक ते पायऱ्यांना, घरांच्या पायाला वापरत. वू वेनल्यांग नावाच्या एका शाळाशिक्षकाने ते गोळा करायला घेतलं. तो मुसलमान नव्हता, पुरातत्त्व खात्यातही नव्हता. 1957 मध्ये त्याने या दगडांवर पुस्तक काढलं आणि आज क्वानचौच्या मुसलमानांबद्दल जे कळतं त्यातलं बरंच त्याच्या या खटाटोपामुळे.

मग कब्रींचे दगड तटात गेले कसे? तेराव्या शतकात इथला व्यापार मुस्लिम वंशाच्या पू शौगंग याच्या ताब्यात होता. मंगोल चालून आले तेव्हा त्याने सुंग राजवटीची साथ सोडली, शहर मंगोलांच्या हवाली केलं आणि शहरातल्या राजघराण्याच्या माणसांची कत्तल केली. मंगोलांच्या राज्यात परदेशी मुसलमानांना वरचा दर्जा मिळाला, कर आणि बंदर त्यांच्या हाती आलं. स्थानिक लोकांच्या मनात जे साठायचं ते साठत गेलं. 1357 मध्ये इथल्या इराणी फौजेने बंड करून शहर ताब्यात घेतलं. नऊ वर्षं लढाया चालल्या, त्यांत मुसलमान मुसलमानांशीही लढले. 1366 मध्ये शहर पडलं आणि परदेशी चेहऱ्याच्या माणसांची सरसकट कत्तल झाली. मस्जिदी पाडल्या गेल्या, कब्री उखडल्या. ज्यांचा बंडाशी संबंध नव्हता तेही मेले. योंगलचा फर्मान त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी आला.

खाययुआन मंदिर या सगळ्याच्या मानाने प्रसिद्ध, 686 मधलं, तेराव्या शतकातल्या दोन उंच दगडी मनोऱ्यांचं. पर्यटकांची गर्दी तिथेच. मुख्य दालनाच्या मागच्या दोन खांबांवर नरसिंह आणि कृष्ण कोरलेले आहेत. तमिळ व्यापाऱ्यांचं शंकराचं मंदिर इथे होतं, 1281 चा तमिळ शिलालेख सापडला आहे. ते मंदिरही टिकलं नाही, त्याचे दगड इथे वापरले गेले. याच आवारात 1974 मध्ये समुद्राच्या गाळातून काढलेलं सुंग काळातलं जहाज आहे. तेरा कप्पे, आणि त्यात मिरी, लोबान, सुगंधी लाकूड सापडलं. हे मात्र पाहाच. लोयांगचा पूल (1059) आणि दोन किलोमीटरहून लांब आनफिंगचा पूल (1151) वेळ असेल तर.

आमच्या दृष्टीने खरी भेट शहराबाहेर, चिनच्यांग भागातल्या छनतायला आहे. कत्तलीच्या काळात शहर सोडून पळालेल्या एका घराण्याने इथे आसरा घेतला. आडनाव ‘दिंग’. सय्यद अजल शम्सुद्दीन यांचे वंशज असल्याचं ते सांगतात, आणि त्या ‘दीन’चंच दिंग झालं. त्यांनी चिनी नाव, चिनी पोशाख घेतला. सोळाव्या शतकातल्या दिंग यानश्या या वंशजाने ‘पूर्वजांच्या धर्माविषयी’ एक टिपण लिहून ठेवलं आहे. आधी आमच्याकडे मय्यत कपड्यात गुंडाळून दफन करत, पश्चिमेला तोंड करून प्रार्थना करत, रोजे ठेवत, डुकराचं मांस वर्ज्य होतं. मग एकेक गोष्ट कशी सुटत गेली, हे तो हळहळत सांगतो.

आज छनताय बुटांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. दिंग मंडळींपैकी बहुतेक जण नमाज पढत नाहीत, घरी डुकराचं मांस खाणारेही पुष्कळ. पण पूर्वजांना नैवेद्य ठेवतात तेव्हा त्या ताटात डुकराचं मांस ठेवत नाहीत. पूर्वजांना चालत नाही म्हणून. 1979 मध्ये सरकारने त्यांची ‘हुइ’ म्हणजे मुस्लिम जमात म्हणून नोंद केली. त्यांच्या वाड्याची रचना ‘हुइ’ या चिनी अक्षरासारखी आहे, चौकात चौक. तिथे गेल्यावर ‘हे कसले मुसलमान’ असा शेरा मारायची काहींना घाई होते. ती टाळावी. एकेक गोष्ट सुटत गेली, आणि तरी ताटातली ती एक गोष्ट टिकली.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चीन सरकार क्वानचौ हे शहर धर्मांच्या सलोख्याचं उदाहरण म्हणून जगाला दाखवतं. त्याच देशात शिनच्यांगच्या उइगुर मुसलमानांवर गंभीर अत्याचार झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2022 च्या अहवालात म्हटलं आहे. क्वानचौ पाहताना हे विसरायचं कारण नाही. मात्र तिथल्या सामान्य मुसलमानाला याविषयी प्रश्न विचारून अडचणीत आणू नये. परदेशी माणसाने धर्मप्रचार करायला चीनमध्ये कायद्याने बंदी आहे, त्यामुळे वाटण्यासाठी पुस्तिका वगैरे सोबत नेऊ नका.

जेवणाची अडचण होते. फुजियानच्या स्वयंपाकात डुकराचं मांस आणि चरबी सगळीकडे, भाजीच्या रश्शातसुद्धा. वायव्य चीनमधल्या हुइ लोकांची लानचौ नूडल्सची दुकानं शोधावीत, हाताने ओढलेल्या शेवया आणि बैलाच्या मांसाचा रस्सा. हलालसाठी चिनी शब्द ‘छिंगचन’, त्याची दोन अक्षरं फोनमध्ये जतन करून ठेवा. फक्त अरबी अक्षरांवर विसंबून राहू नका, बीजिंगमध्ये 2019 मध्ये दुकानांच्या पाट्यांवरून ती काढायला लावली होती. मालकाला विचारून घेतलेलं बरं. गुगल मॅप तिथे नीट चालत नाही, चिनी नकाशाचं ॲप आधीच घेऊन ठेवा, आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहून खिशात.

जुलै ते सप्टेंबर वादळांचा हंगाम असतो, तेव्हा जाऊ नये. ऑक्टोबरनंतर हवा चांगली. मस्जिद, लिंगशान आणि संग्रहालयाला एक पूर्ण दिवस, खाययुआनला अर्धा, छनतायला अर्धा. शुक्रवार मध्ये येईल असा बेत आखला तर जुमा त्याच आवारात पढता येईल.