भात-लावणीच्या तारखांचा तक्ता
डहाणू व तलासरी तालुक्यांत राबातील भाताचा पेरा सर्वत्र एकाच दिवशी होत नाही. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी करणे इष्ट होय. अधिक वयाच्या रोपास फुटवे कमी येऊन उत्पन्न घटते. यास्तव प्रत्येक राबाची तारीख स्प्रेडशीटच्या तक्त्यात मांडावी.

पहिल्या चौकटीत पेरणीची तारीख लिहावी. शेजारच्या चौकटीत बरोबरचे चिन्ह देऊन पहिल्या चौकटीवर टिचकी मारावी व पुढे अधिक २१ लिहावे. १० जूनच्या पेऱ्याची लावणी १ जुलैस येते. हळव्या जातीस १२० दिवस धरून पेरणीच्या तारखेतच तितके मिळविल्यास कापणी ८ ऑक्टोबरच्या सुमारास ठरते, व मजुरांची तजवीज आधी करता येते. हेच सूत्र खाली ओढले की इतर राबांनाही लागू होते.

मात्र संगणक अमेरिकी पद्धतीवर असल्यास १०/६ ही तारीख तो ६ ऑक्टोबर समजतो आणि लावणी २७ ऑक्टोबरला दाखवितो! १३ जून व त्यापुढील दिवस तर त्या पद्धतीत तारीख म्हणून ओळखलेच जात नाहीत. तेव्हा प्रथम दिवस-महिना-वर्ष हा क्रम लावून घ्यावा. पाऊस लांबून पेरा पुढे गेल्यास पहिली चौकट तेवढी बदलावी. पुढील तारखा आपोआप सरकतात.