चाळीस हजारांची दुर्बीण, अडीच लाखांची दुर्बीण

पक्षिसप्ताह जवळ आला की दुर्बिणींची चौकशी वाढते. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनापासून सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत, राज्यभर पक्षिगणना आणि भटकंत्या होतात. नव्याने नाद लागलेला प्रत्येक जण एकच विचारतो, कुठली घेऊ? उत्तरात हल्ली दोन नावे हमखास येतात. निकॉनची मोनार्क एम-७, चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आणि ऑस्ट्रियाच्या स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर, अडीच लाखांच्या पुढे. दोन्ही ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणाऱ्या. मग मधले दोन लाख जातात कुठे?

उजेडात तर फारसे जात नाहीत. महागडी दुर्बीण ‘जास्त उजेड देते’ हा समज घट्ट आहे, म्हणून हे आधी सांगायला हवे. पुढचे भिंग दोन्हींचे ४२ मिलिमीटरचेच. ४२ला ८ने भागले की डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटरचा, दोन्हींत सारखाच. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते, त्यामुळे त्यातला बराचसा वायाच जातो. याच वरच्या वर्गातल्या आपल्या व्हिक्टरी एसएफ दुर्बिणीसाठी झाइस कंपनी ९२ टक्के प्रकाश पार होण्याचा दावा करते. मधल्या किमतीची चांगली दुर्बीण त्याहून थोडे टक्के मागे असली, तरी तेवढा फरक नुसत्या डोळ्याला सहसा कळत नाही.

प्रिझमची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी अशी आहे. सरळ नळीच्या दुर्बिणीत ‘रूफ’ प्रिझम असते. त्याच्या छपरासारख्या दोन उतारांवर प्रकाश विभागला जातो आणि पुन्हा एकत्र येताना दोन्ही भागांच्या लहरी एकमेकींशी नीट जुळत नाहीत. पिसांवरच्या बारीक रेघा त्यामुळे पुसट होतात. झाइसने १९८८मध्ये या उतारांवर अतिशय पातळ लेप चढवून हा दोष काढला. त्या काळी ती मोजक्या महागड्या दुर्बिणींची मिरास होती. आज हाच लेप, प्रकाश जवळजवळ पूर्ण परतवणारा डायइलेक्ट्रिक थर आणि रंगांची झालर कमी करणारी ईडी काच, हे तिन्ही एम-७मध्ये आहे. एक किलोमीटरवर ती १४५ मीटर रुंदीचे दृश्य दाखवते, झाइस एसएफ १४८, एनएल १५९. हे सारे मधल्या किमतीत आले, हौशी माणसासाठी यापेक्षा मोठी गोष्ट गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालेली नाही.

फरक बघायचा असेल तर भिगवणला जावे. उजनीच्या पाण्यावर रोहित कुठल्याही दुर्बिणीतून सुंदरच दिसतात. चिखलात तुरुतुरु पळणारे टिलवे बघावेत. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. सकाळचा सूर्य समोर, पाण्यावरची तिरीप थेट भिंगात. अशा वेळी मधल्या दुर्बिणीत चित्रावर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा येतो आणि पायांचा रंग ओळखणे अवघड होते. नळीत भरकटलेला प्रकाश आतल्या आत जिरवणे ही महागड्या दुर्बिणीची कारागिरी, आणि ती तिथे शंभर टक्के वसूल होते. कडांचेही तसेच. एनएलमध्ये टिलवा चित्राच्या काठाशी पोहोचला तरी रेखीव राहतो. एम-७मध्ये काठ थोडा विरतो, दुर्बीण वळवावी लागते. महागड्या दुर्बिणीत फोकसचे चाक दोन्ही दिशांना सारखेच मऊ फिरते, हा तिसरा फरक. झुडपातल्या वटवट्याचा पाठलाग करणाऱ्याला त्याचे मोल कळते.

वजनात मात्र पारडे उलटे. एनएल साधारण ८४० ग्रॅम, एम-७ पावणेसातशेच्या आत. दिवसभर गळ्यात वागवायची वस्तू आहे ही. चष्मा असणाऱ्यांनी डोळा मागे ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते का, ते चष्म्यासकट बघावे. दोन्ही दुर्बिणी इथे पास होतात. कोकणात किंवा आंबोलीच्या पावसात फिरणाऱ्यांनी नायट्रोजन भरलेली, हवाबंद नळीच घ्यावी. नाहीतर दोन पावसाळ्यांत आत बुरशीची जाळी.

खरी उडी आहे ती झूमवाल्या, तीन-चार हजारांच्या दुर्बिणीवरून मधल्या दुर्बिणीवर येण्यात. तिथे पक्षी ठिपक्यातून बाहेर येतो, त्याची भुवई, चोचीचे टोक, पंखावरचा पट्टा दिसू लागतो. तिथून अडीच लाखांपर्यंतची चढण महाग आणि फायदा मोजका. वर्षानुवर्षे पहाटे-संध्याकाळी पाणथळींवर गणना करणाऱ्याने ती जरूर चढावी. त्याचे पैसे फुकट जाणार नाहीत. पण एखाद्या पक्षिमित्र मंडळाकडे देणगी आली आणि कार्यकर्ते एका एनएलचा विचार करत असतील, तर त्यांना आग्रहाने अडवायला हवे. तेवढ्या पैशांत पाच-सहा मोनार्क येतात, आणि शाळेची वीस मुले बांधावर उभी असताना एका दुर्बिणीसमोर रांग लावली तर निम्म्यांची पाळी येण्याआधीच धोबी उडून जातो.

दुकानात पैसे मोजण्याआधी दुर्बीण घेऊन बाहेर उजेडात यावे आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार बघावी. तारेला जांभळी-हिरवी किनार ठळक दिसली, तर ती दुर्बीण परत द्यावी आणि दुसरी मागावी.