गुण जास्त, धोका जास्त!

व्हायरल न्यूमोनियाचा पेशंट धापा टाकत कॅज्युअल्टीत येतो. याला औषधं देऊन घरी पाठवायचं, वॉर्डात ठेवायचं की थेट आयसीयूत न्यायचं? हे पटकन ठरवायला डॉक्टरांकडे गुण देण्याच्या काही पद्धती आहेत. त्यांच्याबद्दलच्या या सात गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

१. पाचच प्रश्न
पेशंट भांबावलाय का? रक्तातलं युरिया वाढलंय का? मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास चाललेत का? रक्तदाब वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी आहे का? वय ६५ किंवा पुढे आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. ही ‘कर्ब-६५’ पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते.

२. लॅब नसली तरी चालेल
यातून युरिया वगळलं की उरते ‘सीआरबी-६५’. घड्याळ, बीपीचं यंत्र आणि पेशंटशी दोन शब्द, एवढ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातही धोक्याचा अंदाज बांधता येतो. श्वास मात्र पेशंटला न सांगता, पूर्ण मिनिटभर मोजावेत. कोणी मोजतंय हे कळलं की श्वासाची लय बदलते.

३. अंग गार? सावधान!
१९९७ साली अमेरिकेत तयार झालेल्या ‘पीएसआय’ पद्धतीत ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापाला १५ गुण आहेत. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं तरीही तेवढेच १५! ‘ताप नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज म्हणूनच धोकादायक.

४. बायकांना दहाची सूट
पीएसआयमध्ये जितकं वय तितके गुण. बायकांचे मात्र त्यातून १० वजा होतात. कोविडसाठी ब्रिटनमध्ये २०२० साली बनवलेल्या ‘४सी’ पद्धतीतही पुरुष असण्याचा एक गुण जास्त लागतो. तिथे एकूण गुण २१. त्यातले ७ ऐंशी किंवा जास्त वय असलं की लगेच जमा!

५. ऑक्सिजन कुठे गेला?
कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजनचा प्रश्नच नाही. कोविडमध्ये नीट बोलणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचाही ऑक्सिजन घसरलेला सापडायचा, आणि असा पेशंट कर्बच्या नजरेतून निसटू शकतो. ४सीने ही उणीव भरून काढली: ऑक्सिजन ९२ च्या खाली असला तर २ गुण.

६. बोटावरच्या चिमट्याचे जनक
पल्स ऑक्सिमीटरमागचं तत्त्व १९७० च्या दशकात जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी शोधलं. सारं जग ऑक्सिमीटर शोधत फिरत होतं, त्याच एप्रिल २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. एक गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी: सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर विश्वास धापेवर ठेवा.

७. तरुणांनो, गाफील राहू नका
२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला बळी पुण्यात गेला. ती होती १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्या साथीत जगभर ६५ च्या आतली माणसंच जास्त दगावली. वयाला भरपूर गुण देणाऱ्या पद्धती अशा वेळी कमी पडतात. गरोदर बायकांनाही तेव्हा मोठा धोका होता.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हा आकडा म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. कर्ब-६५ च्या मूळ अभ्यासात ३ किंवा जास्त गुण मिळालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के दगावले. म्हणजेच शंभरातले जवळपास ७८ वाचले. गुण जास्त आले की डॉक्टर हात टेकत नाहीत, उलट जास्त वेगाने हात चालवतात. आपण घरच्यांनी त्यांना तेवढा वेळ मिळवून द्यायचा. श्वास भराभर चालू लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. तडक हॉस्पिटल गाठा.