भिंतीला ठिगळ लावण्यापूर्वी

दरवर्षी मार्च महिना उजाडला की आमच्या पावसच्या वाडीत रंगाचे डबे येऊ लागतात. १४ एप्रिलला घर स्वच्छ असावे, भिंतींना नवा रंग असावा, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी नाव ठेवू नये, ही प्रत्येक घरची इच्छा. इच्छा चांगलीच आहे. पण त्या घाईत घरोघरी एक चूक होते आणि कष्टाचा पैसा पहिल्याच पावसात वाहून जातो. ती चूक आमच्याही घरी झाली. एकदा नव्हे, दोनदा झाली. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा तीन वर्षांचा हिशेब

आमचे घर चिऱ्याचे, वर मंगलोरी कौले. पश्चिमेच्या खोलीत आई झोपते. त्या भिंतीचा गिलावा जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सुटला होता. हात लावला की पोपडे पडायचे, पांढरी पूड खाली साचायची. श्रावणात भिंतीवर काळी बुरशी चढायची आणि आईचा खोकला वाढायचा.

पहिल्या वर्षी जयंतीला पंधरा दिवस उरले असताना आम्ही शहरातून एक ठेकेदार बोलावला. त्याने पोपडे खरवडले, वर पुट्टीचे दोन हात दिले, रंग लावला. भिंत आरशासारखी दिसू लागली. जुलैत ती जागा पापडासारखी फुगली. दुसऱ्या वर्षी त्याच माणसाच्या सांगण्यावरून 'पाणी न लागणारा' महागडा रंग आतून लावला. त्या वर्षी ओल थांबली तर नाहीच, उलट रंगाच्या वरच्या कडेला, आणखी दोन फूट वर जाऊन फुटली.

आम्ही पडलो कारकून माणूस. वहीत दोन्ही वर्षांचा खर्च मांडला, तेव्हा कळले की या पैशात सबंध भिंतीचा गिलावा नवा झाला असता. तिसऱ्या वर्षी आम्ही वाडीतल्या एका वृद्ध गवंडीकाकांना बोलावले. काका आले, पण भिंतीकडे बघेनात. घराला बाहेरून एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाबा, भिंत आजारी नाही रे. तू तिला पाण्यात उभी केली आहेस."

खरेच तसे होते. दरवर्षी अंगण करताना आम्ही मातीवर माती घालत गेलो. अंगण चढत चढत जोत्याच्या वर गेले होते. न्हाणीचे पाणी त्याच भिंतीच्या मुळाशी मुरत होते. आणि वळचणीच्या दोन कौलांना तडे गेल्यामुळे पागोळ्या भिंतीवरच उतरत होत्या. पाण्याला तीन वाटा मोकळ्या ठेवून आम्ही आतून पावडर लावीत बसलो होतो.

काकांनी त्या वर्षी गिलावा केलाच नाही. बाहेरची माती खणून जोत्याखाली आणली, न्हाणीचे पाणी पाइपाने माडाच्या बुंध्याशी नेले, कौले बदलली. आतला खराब गिलावा चिऱ्यापर्यंत काढून टाकला आणि म्हणाले, "आता एक पावसाळा हिला उघडी राहू दे."

आईला ते मुळीच पटले नाही. जयंतीला माणसे येणार आणि घरात उघडी भिंत! आम्ही तिथे चादर टांगली. पुढच्या जानेवारीत भिंत हाताला कोरडी लागली, तेव्हाच काकांनी थापी हातात घेतली.

चिऱ्याचा स्वभाव

कोकणातला चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट.

या दगडाला अंगभर छिद्रे असतात. त्यामुळे तो पाणी पितो आणि हवा मिळाली की ते सोडतोही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्राचा वारा तो पाऊस आडवा आणून पश्चिमेच्या भिंतीवर मारतो. म्हणून तर आपली वडीलधारी माणसे पावसाळ्यापूर्वी त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधीत. ती गरिबीची खूण नव्हती, शहाणपण होते.

जुनी घरे माती किंवा चुन्यात बांधलेली. चुन्याचा गिलावा मऊ असतो, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंटचा जाड, कडक थर चढवला की आतले पाणी कोंडते. मग ते जिथे वाट मिळेल तिथे फुटते आणि येताना आतले क्षार बरोबर आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहून फुगतात आणि गिलावा ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. समुद्रकाठची खारी वाळू वापरली तर हा लोणा आपण विकतच घेतला म्हणा. वाळू गोड्या पाण्याच्या नदीची, स्वच्छ आणि चाळलेली हवी.

आधी रोग ओळखा

भिंतीला हात लावण्यापूर्वी पुढील चार गोष्टी घरच्या घरी पाहाव्यात. यांना खर्च नाही.

पहिली, भिंतीवर बोटांनी टकटक करावी. बद्द आवाज आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आवाज आला तर सुटला आहे. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी. खराब दिसतो त्यापेक्षा सुटलेला भाग बहुधा मोठाच निघतो.

दुसरी, एक फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची ओल. तिथे खिडकी उघडणे हाच उपाय.

तिसरी, ओल कुठे आहे ते पाहावे. खालून वर चढणारी ओल जमिनीची, वरून उतरणारी छपराची, मध्येच उमटणारी नळाची किंवा खिडकीच्या चौकटीची.

चौथी, भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. सहा महिन्यांत भेग पुढे सरकली नाही तर ती बुजवता येते. पण भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जात असेल किंवा वाढत असेल, तर ठिगळ न लावता जाणकार अभियंत्याला दाखवावी. स्लॅबमधली सळी गंजून खालचा गिलावा सुटत असेल तरीही तसेच. खाऱ्या हवेत हा रोग फार. तो पीओपीने झाकणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर धोका टांगणे होय.

ठिगळ कसे लावावे

पाण्याची वाट बंद झाली आणि भिंत सुकली, की मगच हे काम. हिवाळा यासाठी उत्तम. १४ एप्रिलला रंग हवा असेल तर गिलावा फेब्रुवारीतच पुरा करावा.

सुटलेला गिलावा छन्नी-हातोडीने चिऱ्यापर्यंत काढावा. कडा निमुळत्या न ठेवता सरळ कापाव्यात, म्हणजे नव्या मालाला धरायला काठ मिळतो. चिऱ्यांमधले सांधे अर्धा इंच खरवडावेत, पृष्ठभाग गुळगुळीत असल्यास टाचे मारावेत आणि धूळ ब्रशने झाडावी. मग भिंतीवर पाणी शिंपडावे. तहानलेला चिरा मालातले पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. मात्र भिंतीवरून पाणी ओघळत असतानाही माल लावू नये.

माल किती लागतो? समजा ठिगळ दहा फूट लांब आणि चार फूट उंच, म्हणजे चाळीस चौरस फूट आहे. चिऱ्याची भिंत उंचसखल असते, म्हणून अर्धी गोणी म्हणजे २५ किलो सिमेंट आणि सुमारे तीन घनफूट वाळू धरावी. हे एकास पाच प्रमाण झाले. चुन्या-मातीच्या जुन्या भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा मऊ माल बरा. घमेल्याने मोजावे, अंदाजाने फावडी टाकू नयेत. मऊ भिंतीला मऊ ठिगळ, हे काकांचे सूत्र आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

खड्डा खोल असेल तर एकदम भरू नये. पहिला थर देऊन त्यावर थापीने रेघा ओढाव्यात, दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्यावा आणि रंध्याने जुन्या गिलाव्याशी समपातळी करावी. जिथे चिरा आणि काँक्रीट एकत्र येतात, तिथे कोंबडीजाळी ठोकून मगच माल लावावा, नाहीतर त्याच रेषेत पुन्हा भेग पडते. नंतर किमान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. हे काम गवंडी करीत नाही, घरच्यांनी करायचे असते, आणि तेच बहुतेक घरांत राहून जाते.

त्यानंतर चार आठवडे भिंत सुकू द्यावी. पुट्टी अगदी शेवटी आणि कागदाएवढ्या पातळ थरात. पुट्टी हे भिंतीचे कातडे आहे. तिने खड्डे भरू नयेत.

मुंबईकरांच्या पोकळ भिंती

आमच्या वाडीतली काही मुले मुंबईत जिप्सम बोर्डाची कामे करतात. कार्यालयांत आणि हल्ली काही घरांतही लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर हे बोर्ड बसवून भिंती उभ्या करतात. अमेरिकेत तर घरांच्या आतल्या भिंती बहुतेक अशाच. तिथे ऑगस्टीन सॅकेट याने असल्या बोर्डाचे पेटंट १८९४ साली घेतले.

अशा भिंतीला भोक पडले तर तेवढा भाग चौकोनी कापतात, मागे पट्टी बसवतात, त्यावर बोर्डाचा नवा तुकडा स्क्रूने आवळतात, सांध्यावर कागदी पट्टी चिकटवून जॉइंट कंपाउंडचे तीन पातळ हात देतात. प्रत्येक हात वाळल्यावर घासकागदाने घासतात. कापण्यापूर्वी आतून विजेची तार जाते का ते अवश्य पाहावे. पण साधा बोर्ड पाण्यापुढे टिकत नाही. २००५ साली कतरिना वादळाच्या पुरानंतर अमेरिकेत असंख्य घरांच्या भिजलेल्या भिंती बुरशीमुळे उपटून टाकाव्या लागल्या. तेव्हा गावच्या घरी झडीच्या बाजूला चिरा झाकायला कोणी असा साधा बोर्ड सुचवील तर विचारपूर्वक नकार द्यावा.

काम देणारा आणि काम करणारा

आपल्यातली कितीतरी माणसे स्वतः गवंडीकाम, बिगारी, रंगकाम करतात. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

काम देणाऱ्याने तोंडी व्यवहार करू नये. किती चौरस फूट, मालाचे प्रमाण काय, सामान कोणाचे, मजुरी किती, हे एका कागदावर लिहावे. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. पण काम झाल्यावर मजुरी अडवूही नये. ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारावा, "ओल कुठून येते?" याचे उत्तर न देता जो रंगाचे पुस्तक उघडतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

काम करणाऱ्याने भिंत खरवडताना नाका-तोंडावर फडके बांधावे, चांगला मास्क मिळाल्यास तो लावावा, पाणी शिंपडून धूळ दाबावी. जुन्या तेली रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे रंग भिंतींवर आहेतच. ते कोरडे घासू नयेत आणि लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये.

आणखी एक. अठरा ते साठ वयाच्या आणि मागील वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी तिथून साहाय्य मिळते. लोकांची घरे बांधणाऱ्या हातांनी हा आपला हक्क कागदावर आणावा. अर्ज भरण्यास लिहिता-वाचता येणाऱ्या शेजाऱ्याने मदत करावी.

शेवटी

ओल हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला आणि दम्याचा त्रास अधिक होतो, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा भिंत दुरुस्त करणे हा औषधोपचाराचाच भाग समजावा.

आमच्या आईचा खोकला पार गेला, असे आम्ही म्हणणार नाही. तिचे वय झाले आहे. पण श्रावणात तिला अंथरूण भिंतीपासून ओढून घ्यावे लागत नाही. गवंडीकाका अधूनमधून येतात, भिंतीवर टकटक करून पाहतात आणि आईकडे चहा मागतात.

या वर्षी रंगाचा डबा आणण्यापूर्वी बंधू-भगिनींनी घराला बाहेरून एक फेरी मारावी, एवढीच आमची विनंती.