एकेकटे शहाणे, जोडीने भांडखोर

प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, अपडेट केला आणि वेबसाइटच्या जागी कोरा पांढरा पडदा आला. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीच्या वापरकर्त्यांनी या प्रकाराला 'व्हाइट स्क्रीन ऑफ डेथ' असं भीतिदायक नाव ठेवलं आहे. गंमत म्हणजे पुष्कळदा दोष एकट्या कुणाचाच नसतो. दोन प्लगइन स्वतंत्रपणे छान चालतात, एकत्र आले की बिनसतं.

कारण बिऱ्हाडं अनेक असली तरी घर एकच. सगळ्या प्लगइनांचा पीएचपी या भाषेतला कोड एकत्रच चालतो. दोघांनी आपापल्या फंक्शनला एकच नाव दिलं, तर पीएचपी तिथेच थांबते. वर्गात दोन सचिन असले की मास्तर आडनावाने हाक मारतात. प्रोग्रामरही नावाआधी प्लगइनचं लघुरूप जोडतात. सगळे जोडत नाहीत, हीच अडचण.

आधीच सगळं तपासून का घेत नाहीत? वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात सुमारे ६० हजार प्लगइन आहेत. त्यांच्या जोड्या होतात जवळपास १८० कोटी, आणि आवृत्त्या यात धरलेल्याच नाहीत. त्यामुळे वापरणाऱ्याची तक्रार हीच खरी चाचणी.

पण तक्रारीत आरोपी बहुधा चुकतो. शेवटी अपडेट झालेल्यावर खापर फुटतं. या संग्रहात पूर्वी प्रत्येक प्लगइनला 'चालतो' किंवा 'मोडतो' असं मत देता येई. त्यात वर्डप्रेसची आणि प्लगइनची आवृत्ती नोंदली जाई. शेजारी कोण होतं, ते मात्र नाही. भांडणाची फिर्याद, पण प्रतिवादीच गायब! ती सोय पुढे काढून टाकली, ते बरंच झालं.

वर्डप्रेसच्या २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून साइट कोसळली की मालकाला ईमेल जातो. चूक कोणत्या प्लगइनमध्ये झाली, हे त्यात कळतं. पडला कोण ते समजलं, ढकललं कुणी ते नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीने 'जेक्वेरी मायग्रेट' हा जुन्या जावास्क्रिप्ट कोडचा आधार काढला आणि अनेक साइट्सवरची बटणं मुकी झाली. त्यावर आलेल्या मदतनीस प्लगइनने कालबाह्य कोड कुठल्या फाइलमधून येतो, याची नोंद ठेवली. तक्रारीला पत्ता मिळाला.

हाच पत्ता सामान्य वापरकर्त्यालाही शोधता येतो. 'हेल्थ चेक' या प्लगइनच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइन फक्त तुमच्यापुरते बंद होतात, पाहुण्यांना साइट नेहमीसारखीच दिसते. मग एकेक सुरू करत जायचं. मोडतोड झाली, की शेवटचा हा एक पक्ष. दुसरा आधी सुरू केलेल्यांत दडलेला असतो, त्यालाही गाठा. तक्रारीत दोघांची नावं आवृत्तीसकट लिहा. वर्डप्रेसमधल्या 'साइट हेल्थ'च्या माहिती विभागात एक बटण दाबलं की ती सगळी यादी कॉपी होते.