टेस्टचा निकाल लागल्यावर

अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांना राज्यभर नाव दिलं. आज लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी खोल्या घेऊन राहतात. घरी सोयाबीनच्या भावाची चिंता, आणि इथे सराव टेस्टमध्ये ७२०पैकी मिळालेले गुण थेट वडिलांच्या मोबाइलवर!

टेस्टनंतर गुणांवरून बॅच बदलते. वरची, खालची. मुलाला आपली किंमत कळते ती इथे, आणि वर्गासमोर. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमच्या एका नीट-विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी, नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. शक्यतो गुणांनुसार बॅचेस पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर समुपदेशक नेमा आणि शिक्षकांसह कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या, असं न्यायालय सांगतं.

समुपदेशक येईल तेव्हा येईल. मुलगा रोज दिसतो तो सरांना-मॅडमना. अचानक मागच्या बाकावर सरकलेला, डबा न खाणारा, ‘आता काय उपयोग’ म्हणणारा. त्याला बाजूला घेऊन ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारता येतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मात्र ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक फळ्यावर लिहून मोकळं होण्यापेक्षा शेजारी बसून लावून द्यावा.