संगणकीय सदृशीकरण : सहकार्य कोठवर, श्रेणी कशावर?

नदीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी किती वाहने खोळंबतील आणि आणखी एक बोट सोडल्यास प्रतीक्षा किती घटेल, हे प्रत्यक्ष प्रयोग करून ठरविणे खर्चाचे असते. संगणकात त्या धक्क्याची प्रतिकृती उभारून वाहने यदृच्छ क्रमाने सोडली, तर हेच उत्तर अल्पावधीत मिळते. यालाच सदृशीकरण अथवा सिम्युलेशन म्हणतात. विद्यापीठांतून हा विषय शिकविताना दोन प्रश्न हटकून उपस्थित होतात : काम तपासावयाचे कसे, आणि मित्राची मदत कितपत घ्यावयाची?

उत्तराइतकीच रीत महत्त्वाची

चौरसात यदृच्छेने १०,००० बिंदू टाकून 'पाय' ही संख्या काढू गेल्यास उत्तरात साधारणतः ०.०१६ इतकी चूक संभवते. चूक निम्म्यावर आणण्यास बिंदू चौपट, तर दशांशावर आणण्यास शंभरपट लागतात. म्हणूनच केवळ ३.१४ हा आकडा जुळला, एवढ्यावरून श्रेणी देणे उचित नव्हे. गृहीतके कोणती धरली, फेऱ्या किती घेतल्या, चुकीची मर्यादा सांगितली काय, हेही पाहावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत दहा गुणांची श्रेणीपद्धती सुचविलेली आहे. तीत 'ओ' श्रेणीस १०, 'पी' श्रेणीस ४ व 'एफ' श्रेणीस शून्य गुण आहेत. श्रेयांकांनी गुणून सत्राची सरासरी काढली जाते. चार श्रेयांकांच्या विषयात ८ गुण मिळाल्यास ३२ गुण जमेस धरतात. साहजिकच नकलेने मिळविलेली श्रेणी साऱ्या सत्राच्या सरासरीत मिसळते आणि स्वकष्टाने काम करणारा विद्यार्थी अकारण मागे पडतो.

चर्चा एकत्र, लेखन स्वतंत्र

प्रश्न समजून घेणे व रीतीची चर्चा करणे हे शिक्षणाचेच अंग होय. मात्र आज्ञावली व अहवाल ज्याचा त्याने लिहावा, आणि मदत करणाऱ्याचे नाव नमूद करावे, हा दंडक सर्वांस न्याय देणारा आहे.

संगणकाची यदृच्छ संख्यामाला एका बीजसंख्येपासून निघते. बीजसंख्या निराळ्या असतील तर उत्तरे जवळपास येतात, तंतोतंत जुळत नाहीत. शिक्षकांनी समान बीजसंख्या दिलेली नसताना दोघांची उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत एक आली, तर विचारणा होणे स्वाभाविक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'मॉस' ही १९९४ पासूनची प्रणाली आज्ञावलींतील साम्य दाखविते. चलांची नावे बदलून ते लपत नाही. तथापि साम्य म्हणजे गुन्हा नव्हे. विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याचे म्हणणे ऐकूनच शिक्षकांनी निर्णय घ्यावयास हवा.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करण्याबरोबरच त्याविषयी जागृती करण्याची जबाबदारीही शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. म्हणून सहकार्याची मर्यादा व गुणांची वाटणी सत्राच्या प्रारंभीच लेखी स्वरूपात विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. पालकांनीही श्रेणीचे अक्षर पाहून न थांबता, केलेले काम आपल्या भाषेत समजावून सांगण्यास मुलांना सांगावे. ज्याला ते सांगता येईल, त्याची श्रेणी खऱ्या अर्थाने त्याची आहे.